कमी करत गेलं की ऐकू येतं

शहाड स्टेशनातून कसाऱ्याकडची लोकल सुटली की माझ्या लॅपटॉपच्या वॉटरफॉलवर, म्हणजे रेडिओ सिग्नलच्या सरकत्या चित्रावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फिकट पट्टा उमटतो. पँटोग्राफ आणि 25 हजार व्होल्टच्या ओव्हरहेड वायरमध्ये उडालेल्या ठिणग्यांचा तो पट्टा. गाडी आंबिवलीकडे गेली की तो विरतो. पण खाली कारखान्यांच्या मोटारी, इमारतीची लिफ्ट, पाण्याचा पंप, शेकडो घरांतले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांची एकसंध खरखर उरतेच. या खरखरीतून ब्राझील किंवा फिनलंडमधल्या एखाद्या हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, पाच-दहा वॅटचा सिग्नल वाचायचा आहे. तो वाचता येतो. मी गॅलरीतून गच्चीवरच्या टाकीपर्यंत ओढलेल्या दहा मीटर तारेवर तो वाचतो.

कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, ठाणे या पट्ट्यात नव्याने परवाना मिळालेले हॅम भेटतात तेव्हा त्यांची तक्रार बहुधा एकच असते. सॉफ्टवेअर टाकलं, रिग जोडली, पण पडद्यावर फारसं काही उमटत नाही आणि हाक मारली तर उत्तर येत नाही. मग ते पॉवर वाढवतात, व्हॉल्यूम वाढवतात, प्रीअँप लावतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. कमजोर सिग्नलच्या कामात जवळजवळ प्रत्येक बटण कमीकडे न्यावं लागतं. का, आणि कुठलं किती, ते इथे सांगतो.

आधी पायाभूत गोष्ट. वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची परीक्षा देऊन परवाना आणि कॉलसाइन मिळाल्याशिवाय हवेवर जायचं नाही. परीक्षेची तयारी चालू असेल तर तोवर इंटरनेटवरचे वेबएसडीआर रिसीव्हर ऐका आणि तो आवाज याच सॉफ्टवेअरला द्या. डीकोड करणं शिकायला ट्रान्समीटर लागत नाही.

सॉफ्टवेअरचं नाव डब्ल्यूएसजेटी-एक्स. ते मोफत आहे. त्याच्या मुळाशी जो टेलर हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आहेत. 1974 मध्ये त्यांनी आणि रसेल हल्स यांनी जोडीने फिरणारा पहिला पल्सार शोधला आणि 1993 मध्ये त्या कामासाठी दोघांना नोबेल मिळालं. पल्सारचा सिग्नल म्हणजे नॉइजच्या तळाशी बुडालेली टिकटिक. ती वर काढण्याचं गणित ज्याच्या हाताखालून गेलं, त्याच माणसाने हौशी रेडिओसाठी हे प्रोग्राम लिहायला घेतले. स्टीव्ह फ्रँके यांच्याबरोबर बनवलेला एफटी8 हा मोड जुलै 2017 मध्ये आला आणि आज एचएफ बँडवर सगळ्यात जास्त गर्दी त्याचीच असते.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. शहाडवरून जाणारा कल्याण-मुरबाड रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात उतरतो आणि तिथे खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 डिश असलेली जीएमआरटी दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीतूनही पल्सार ऐकतात. तिथली शिस्त आपण घरी आणायची आहे: सिग्नल वाढवता येत नसेल, तर नॉइज घालवा.

एफटी8 जादू नाही, हिशेब आहे. तो कळला की बटणांचं कारण कळतं. पडद्यावर एखाद्या स्टेशनसमोर उणे 20 डीबी दिसतं. म्हणजे 2500 हर्ट्झ रुंदीतल्या एकूण नॉइजच्या शंभराव्या भागाइतका तो सिग्नल आहे. कानाला तो अजिबात ऐकू येणार नाही. पण एफटी8 आठ सुरांत बोलतो, एका वेळी एकच सूर, आणि दोन सुरांमधलं अंतर 6.25 हर्ट्झ. सॉफ्टवेअर 2500 हर्ट्झ न बघता तेवढ्याच अरुंद फटीतून बघतं. फट 400 पट अरुंद झाली की आत येणारा नॉइज 26 डीबीने कमी होतो, आणि उणे 20 चा सिग्नल त्या फटीत नॉइजपेक्षा 6 डीबी वर येतो. त्यावर चुका दुरुस्त करणाऱ्या कोडची मदत. एकूण 77 बिटांचा निरोप 12.64 सेकंद सावकाश पाठवला जातो. असं करत साधारण उणे 21 डीबीपर्यंत डीकोड मिळतं. मात्र फटीतल्या सुराचा आकार शुद्ध राहिला पाहिजे. तुमच्या साउंडकार्डने, रिगच्या एजीसीने (गेन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेने) किंवा नॉइज ब्लँकरने तो वेडावाकडा केला की हा सगळा हिशेब वाया जातो. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

म्हणून रिगपासून सुरू करा. मोड यूएसबी, म्हणजे अप्पर साइडबँड, किंवा रिगमध्ये असेल तर यूएसबी-डेटा. नॉइज ब्लँकर बंद, नॉइज रिडक्शन बंद, ऑटो नॉच बंद. ही तिन्ही माणसाच्या कानासाठी बनवलेली आहेत आणि एफटी8 चा सूर त्यांना शिट्टीसारखा उपद्रव वाटतो. ऑटो नॉच तर तो शोधून कापतोच. फिल्टर शक्य तितका रुंद, निदान 3 किलोहर्ट्झ. 40 आणि 20 मीटरवर प्रीअँप बंद. शहाडसारख्या ठिकाणी प्रीअँप सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच वाढवतो, हाती काही लागत नाही. उलट अनेकदा अटेन्युएटर लावून डीकोड वाढलेले मी पाहिले आहेत. एजीसी बंद करता येत असेल तर बंद करा आणि आरएफ गेन हाताने उतरवा. येत नसेल तर फास्टवर ठेवा. स्लो एजीसीवर डोंबिवलीतल्या एखाद्या मित्राचा जोरदार सिग्नल आला की रिसीव्हर पुढचे काही क्षण मान खाली घालून बसतो आणि दूरचे सगळे दबतात.

आता सॉफ्टवेअर. मुख्य खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात थर्मामीटरसारखा हिरवा मीटर असतो. नवशिके त्याच्याकडे बघतही नाहीत, पण माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा आहे. अँटेना जोडलेली, बँडवर सिग्नल नाही, नुसता नॉइज: तेव्हा हा मीटर 30 डीबीच्या आसपास असावा. 60-70 वर असेल तर पातळी फार जास्त आहे. आधी विंडोजमधल्या मायक्रोफोनचा बूस्ट शून्यावर आणा, ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा, मग इनपुट लेव्हल उतरवा. सेटिंग्जच्या ऑडिओ टॅबमध्ये रिगचं साउंडकार्ड निवडलेलं असलं पाहिजे, आणि कॉम्प्युटरचा नेहमीचा आवाज वेगळ्या, लॅपटॉपच्याच स्पीकरवर गेला पाहिजे. नाहीतर मेल आल्याची घंटा तुमच्या कॉलसाइनच्या जोडीने हवेवर जाते.

हाच मीटर तुमच्या घरातल्या नॉइजचा शोध लावतो. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावा, कारण त्यानंतर माझा रेडिओच बदलला. रिग 12 व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, लॅपटॉप चार्जरवरून काढा. एजीसी बंद, आरएफ गेन एका जागी स्थिर. एजीसी चालू ठेवून हा प्रयोग करू नका, कारण तो नॉइजची पातळी आपोआप सपाट करतो आणि मीटर काहीच सांगत नाही. 20 मीटरवर एफटी8 पासून थोडी दूर, मोकळी जागा निवडा आणि मीटर कागदावर लिहून घ्या. मग घराचा मेन स्विच बंद करा. मीटर किती उतरला? 10 डीबी उतरला तर नॉइजचा नऊ-दशांश भाग तुमच्याच घरातला होता, आणि लोकलला दोष देऊन उपयोग नव्हता. आता एमसीबी एकेक करून वर करा. जिथे मीटर उडी मारेल त्या खोलीत जा आणि प्लग एकेक काढा. माझ्याकडे गुन्हेगार निघाला सेट टॉप बॉक्सचा स्वस्त अडॅप्टर, आणि दुसरा स्वयंपाकघरातला एलईडी पॅनेलचा ड्रायव्हर. अडॅप्टर बदलला. ड्रायव्हरच्या तारेला फेराइट रिंगवर आठ-दहा वेढे दिले. या रिंगा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. मागताना एचएफसाठी 31 किंवा 43 क्रमांकाचं मटेरिअल सांगा, नाहीतर दुसऱ्याच कामाची रिंग हातात पडते. एक रिंग अँटेनाच्या कोअ‍ॅक्सला खिडकीजवळ घाला, कारण घरातला नॉइज केबलच्या बाहेरच्या कवचावरून चालत अँटेनापर्यंत जातो.

इमारतीतला बाकीचा नॉइज बघायचा असेल तर दुरुस्तीसाठी सगळ्या भागाची वीज बंद ठेवतात तो दिवस साधा. त्या दिवशी बॅटरीवर रिग लावून बसा. शहाडचा बँड खेड्यासारखा शांत कसा असतो ते तेव्हा कळतं, आणि त्या दिवसाचा आकडा पुढे तुलनेला कामी येतो. वीज येताच पट्टा पुन्हा उमटतो. कोरड्या दिवसांत विजेच्या खांबांवरच्या धुळकट इन्सुलेटरची खरखर वाढते आणि पहिल्या चांगल्या पावसाने इन्सुलेटर धुतले गेले की माझ्याकडे ती घटते. पण पावसाआधीच्या वळवाच्या ढगांत 40 मीटरवर विजांचे कडकडाट असतात. लांब गडगडाट ऐकू आला तरी अँटेनाची केबल रिगपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. त्याबाबत धाडस नको.

सेटिंग्जच्या जनरल टॅबमध्ये कॉलसाइन आणि ग्रिड, म्हणजे आपल्या ठिकाणाचा सांकेतिक पत्ता, भरायचं. शहाड आणि कल्याण स्टेशन परिसराचं ग्रिड एमके69, सहा अक्षरी हवं असेल तर एमके69एनएफ. दक्षिण मुंबई आणि पुणे एमके68 मध्ये जातात, कारण 19 अंश अक्षांशाची रेघ दादर-वरळीच्या आसपासून जाते. दादरला राहणाऱ्याने नकाशा नीट बघूनच भरावं. आयएआरयू रीजन 3 निवडा, भारत त्यात येतो. वारंवारता पाठ कराव्या लागत नाहीत, बँडच्या यादीत त्या तयार असतात: 40 मीटरवर 7.074, 20 वर 14.074, 15 वर 21.074, 10 वर 28.074 मेगाहर्ट्झ.

घड्याळ. एफटी8 ची प्रत्येक पाळी 15 सेकंदांची, मिनिटाच्या 0, 15, 30 आणि 45 व्या सेकंदाला सुरू होणारी. तुमचं घड्याळ एखाद्या सेकंदाच्या आत बरोबर असलं पाहिजे. दोन सेकंदांहून जास्त चुकलं तर वॉटरफॉलवर रेघा दिसतात, पण डीकोड शून्य. डीटी नावाचा स्तंभ बघा. सगळ्यांसमोर 0.1, 0.2 असे आकडे असतील तर ठीक. सगळेच 1.4 दाखवत असतील तर सगळं जग चुकत नाही, तुमचं घड्याळ चुकतं आहे. वेळ इंटरनेटवरून जुळवणारा छोटा प्रोग्राम कायम चालू ठेवा. माळशेजला किंवा गडावर रिग नेणार असाल तर यूएसबी जीपीएस सोबत घ्या, तिथे मोबाइलची रेंज गृहीत धरू नका.

वॉटरफॉलच्या खिडकीत फ्लॅटन चालू ठेवा. गेन आणि झीरोचे स्लायडर फक्त चित्राचे रंग बदलतात, डीकोडवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही, म्हणून त्यांच्याशी तासभर झगडू नका. डीकोडच्या मेनूत डीप निवडा. अगदीच जुना लॅपटॉप असेल आणि डीकोड यायला पुढच्या पाळीची पहिली दोन-तीन सेकंदं जात असतील तर नॉर्मलवर या. उशिरा मिळालेलं चांगलं डीकोड उत्तर द्यायच्या कामाचं नसतं.

आता बोलणं. पहिलं काम: पॉवर उतरवा. एफटी8 च्या पाळीत रिग 12.64 सेकंद सलग पूर्ण ताकदीने चालते, बोलण्यातल्यासारखी उसंत तिला मिळत नाही. 100 वॅटच्या रिगवर 30 ते 40 वॅटपेक्षा जास्त चालवू नका. 25 चे 50 वॅट केले तर समोर फक्त 3 डीबी वाढतात, आणि तुमच्या ऐकण्यात तर शून्य. ट्यून बटण दाबून उजवीकडचा पॉवर स्लायडर हळूहळू वर न्या. रिगचा एएलसी मीटर हलायला लागला की थांबा आणि थोडं मागे या. एएलसी हलतो म्हणजे रिग तुमच्या सुराला दाबते आहे, आणि दाबलेला सूर बाजूला घाण पसरवतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटएक्स घराण्यातल्या रिग आपल्याकडे बरेच जण वापरतात. त्यात एएलसीचा आधार नसेल तर ऑडिओ आणखी जपून द्या, पॉवर वाढायची थांबली की तिथून मागे.

स्प्लिट ऑपरेशनचा पर्याय सेटिंग्जच्या रेडिओ टॅबमध्ये असतो. तो रिकामा सोडू नका, रिग किंवा फेक इट निवडा. कारण साधं आहे. तुम्ही 600 हर्ट्झवर बोलत असाल आणि ऑडिओ जरा जरी बिघडला, तर त्याची दुप्पट 1200 आणि तिप्पट 1800 हर्ट्झही सोबत जाते. म्हणजे एकच माणूस तीन ठिकाणी जागा अडवतो. स्प्लिट चालू असला की सॉफ्टवेअर रिगची वारंवारता किंचित सरकवून तुमचा ऑडिओ नेहमी 1500 ते 2000 हर्ट्झमध्ये ठेवतं. त्याची दुप्पट 3000 च्या पुढे पडते आणि ट्रान्समीटरचा फिल्टर ती कापतो.

होल्ड टीएक्स फ्रीक्वेन्सी या चौकोनात खूण करा. मग वॉटरफॉलवर रिकामी फट शोधा आणि शिफ्ट दाबून तिथे क्लिक करा. लाल खूण तिथे जाईल. ज्याला हाक मारायची त्याच्याच जागेवर जाऊन बोलू नका, तिथे आधीच दहा जण असतात. फट शोधताना एक मिनिटभर काही न बोलता दोन्ही पाळ्या बघा. तुम्ही ज्या पाळीत बोलता त्या पाळीत तुम्ही बहिरे असता, त्यामुळे रिकामी वाटलेली जागा प्रत्यक्षात कुणाची तरी असू शकते.

पाळीचीच आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. टीएक्स ईव्हन या चौकोनात खूण असेल तर तुम्ही 0 आणि 30 व्या सेकंदाला बोलता, नसेल तर 15 आणि 45 ला. कल्याणचा एक आणि शहाडचा एक असे दोघे एकाच बँडवर उलट पाळ्यांत बोलू लागले, तर प्रत्येकाच्या ऐकण्याच्या वेळी शेजारी कानाशी ओरडत असतो. दोघांनी एकच पाळी घेतली की दोघे एकदम बोलतात, एकदम ऐकतात, आणि दूरचे दोघांनाही मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकून हे ठरवता येतं. शेजारी नसला तर दूरच्या स्टेशनच्या विरुद्ध पाळी, एवढाच नियम.

डावीकडच्या यादीत हिरवी सीक्यू ओळ, म्हणजे कुणालाही उद्देशून दिलेली हाक, दिसली की तिच्यावर डबल क्लिक करा. ऑटो सीक्वेन्स चालू असेल तर पुढचं सॉफ्टवेअर करतं: तुमचं ग्रिड, त्याचा रिपोर्ट, तुमचा रिपोर्ट, आरआर73, आणि शेवटी 73. सीक्यू धरून सहा निरोप, दीड मिनिट. आरआर73 हे आर्क्टिक महासागरातल्या एका ग्रिडचंही नाव आहे, पण तिथे कुणी राहत नसल्याने घोटाळा होत नाही. चार-पाच वेळा हाक मारून उत्तर नाही आलं तर थांबा, बघा, फट बदला. टीएक्स वॉचडॉग सहा मिनिटांवर आहे तो तसाच राहू द्या. तो बंद करून चहा करायला जाणारा स्वतः ऐकत नसतो आणि इतरांची जागा मात्र अडवतो. काहीही बिघडलं तर एस्केप दाबा, ट्रान्समीटर तत्काळ थांबतो.

मोहिमेवर गेलेली दुर्मिळ स्टेशनं फॉक्स-हाउंड पद्धत वापरतात. ती वेगळ्या वारंवारतेवर चालते आणि सेटिंग्जमध्ये हाउंड निवडावं लागतं. पहिले दोन महिने तिच्या वाटेला जाऊ नका.

आपलं काय चुकतं आहे हे कळायला पीएसके रिपोर्टरचा नकाशा उघडा. काही मिनिटं सीक्यू द्या आणि तुम्हाला कुणी कुणी ऐकलं ते बघा. शंभर स्टेशनांनी ऐकलं आणि तुमच्या पडद्यावर पंधराच दिसत असतील, तर अँटेना ठीक आहे, नॉइज मारतो आहे. पुन्हा मेन स्विचच्या प्रयोगाकडे जा. उलट तुम्हाला ऐंशी दिसतात आणि तुम्हाला तिघेच ऐकतात, तर तार, जोडणी किंवा ऑडिओ तपासा. रिपोर्टमधूनही हेच दिसतं. तुम्ही एकामागून एक लोकांना उणे 3, उणे 5 देता आणि ते तुम्हाला उणे 19 देत राहतात, तेव्हा दोष बाहेर जाणाऱ्या बाजूला आहे. एका क्यूएसओवरून, म्हणजे एका संभाषणावरून, निष्कर्ष काढू नका, समोरच्याची पॉवर तुम्हाला माहीत नसते. वीसेक झाले की चित्र उभं राहतं.

20 मीटरवर दुपारनंतर युरोप उघडायला लागतो आणि रात्रीपर्यंत टिकतो. 40 मीटर सूर्यास्तानंतर. नोकरीवरून सातची फास्ट पकडून घरी येणाऱ्याला दोन्ही साधतात, आणि लोकलची वर्दळ विरळ झाली की पट्टेही विरळ होतात.

क्यूएसओ पूर्ण झाल्यावर लॉगची खिडकी आपोआप उघडते. ती लगेच ओके करा, नंतर करू म्हटलं की राहून जातं. लॉगमधली वेळ यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आधी केलेला क्यूएसओ आदल्या दिवसाच्या तारखेने नोंदवला जातो. ती चूक समजून तारीख दुरुस्त करू नका. समोरच्याच्या लॉगमध्येही तीच तारीख असते, आणि जुळली तरच कन्फर्मेशन येतं.